थोरलीच्या नावाची कंपनी

राहात्याच्या आठ खोल्यांत माझा वाटा का नाही, असं कुणी विचारलं की मी दादाचं नाव पुढे करते. लोकांना ते लगेच पटतं. भाऊ, बहीण आणि जागा म्हटलं की उरलेली गोष्ट प्रत्येकजण आपापल्या घरातून भरून घेतो. पण दादाने माझं काही घेतलं नाही, मागितलंही नव्हतं. माझा वाटा जिने घालवला ती बाई मी जन्मायच्या सात वर्षं आधी मेली होती, आणि वकिलाच्या ऑफिसात तिला मीच नेलं होतं. माझ्या हिशेबाने तो माझा सगळ्यात हुशार डाव होता.

आमचे आण्णा मूळचे जामखेडकडचे. कोयता घेऊन ऊसतोडीला इकडे आले, पहिली बायको फडावरच तापाने गेली, आणि मग ते दोन वर्षांच्या दादाला घेऊन इथेच राहिले. तिचं नाव भागीरथी. घरात तिला थोरली म्हणत. दुसरेपणावर आलेली माझी आई इथलीच, राहात्याच्या पेरूच्या बागांत लहानाची मोठी झालेली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात थोरलीचा टाक असे. नखाएवढा चांदीचा पत्रा, आणि त्यावर ठोकून उठवलेली बाई, हात दोन्ही बाजूंना सोडलेली. दुसरीने पहिलीला असं गळ्यात वागवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. घरात नवं काही आलं की ते आधी थोरलीचं. लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. मोसमाचा पहिला पेरू तिचा. खोल्यांना पाण्याची मोटर बसवली तेव्हा पहिला तांब्या आईने गळ्यातल्या त्या पत्र्यावरून ओतला होता आणि स्वतः चिंब भिजली होती. ती वाकली की टाक मंगळसूत्राच्या वाट्यांवर वाजे. आई घरात कुठे आहे हे मला त्या आवाजावरून कळत असे. लहान असताना मला वाटे, प्रत्येकाची आई अशीच वाजते.

दर अमावास्येला आई हुलग्याचे शेंगोळे करायची. ते जामखेडकडचं खाणं. आईला हुलग्याचा उग्र वास सोसत नसे, पदर नाकाला लावून ती ते वळायची. भरपूर लसूण घातलेला तो काळपट रस्सा चुलीवर रटरटत असे, बाहेर आण्णांचा टेम्पो पेरूच्या क्रेटांनी भरत असे, क्रेटवर क्रेट आदळल्याचे आवाज येत. मग पहिलं ताट थोरलीचं निघे, कोनाड्यात जाई, आणि संध्याकाळी गाईला. आण्णा ते शेंगोळे मान वर न करता खात. त्यांनी कधी कसे झालेत म्हणून सांगितलं नाही आणि आईने कधी विचारलं नाही.

आठ खोल्या घराच्या मागे एका रांगेत होत्या. आण्णांनी आणि आईने त्या एकेक करून उठवल्या. माझ्या वेळी दिवस गेलेले असताना आई सहाव्या खोलीच्या विटा डोक्यावरून आणत होती. शिर्डीत हॉटेलांत कामाला असलेली माणसं, गाड्यांचे ड्रायव्हर, हार ओवणाऱ्या बाया असे आमचे भाडेकरू. आण्णांना भाडं मागायची लाज वाटे, दादा तर जन्माचा गरीब. म्हणून चौदाव्या वर्षापासून ते काम माझं. मला ते आवडायचं. कुणी म्हणालं, भिंतीचा रंग गेलाय, तर मी म्हणे, चुना आमचा, हात तुमचा. कुणी म्हणालं, पुढच्या आठवड्यात देतो, तर मी त्याच्या उंबऱ्यावर बसून राही आणि त्याच्या बायकोशी गप्पा मारी, मग तीच आतून पैसे आणून देई. रागही माझा तेव्हापासूनचाच आहे. एकदा एका ड्रायव्हरने मला "पोरी, तुझ्या बापाला पाठव" म्हटलं, तर मी त्याच्या दाराचं कुलूप रस्त्यापलीकडे भिरकावून दिलं होतं. तीन नंबरमधली सुमन हारवाली म्हणायची, "नंदे, तुला नवरा मिळंल पण टिकायचा न्हाई." यातलं अर्धं खरं झालं.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका टेम्पोवाल्याच्या हातून अपघात झाला. विमा भरलेला नव्हता. कोर्टाने भरपाई ठरवली, ती त्याच्याने भरली गेली नाही, आणि शेवटी त्याच्या राहत्या घरावर जप्ती आली. घराबाहेर काढलेला त्यांचा पाटा-वरवंटा, गाद्या, मुलीची सायकल आण्णा बराच वेळ बघत उभे होते. आण्णाही रात्ररात्र टेम्पो चालवत, विम्याचे हप्ते चुकवत. त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. "टेम्पोचं पाप खोल्यांवर यायला नको," एवढंच ते म्हणत. मग आम्ही चौघं वकिलाकडे गेलो.

वकीलसाहेब जुन्या स्टँडजवळ वरच्या मजल्यावर बसत. माणूस सावकाश बोलणारा. ते म्हणाले, तुमच्या नावावर ठेवलं तर टेम्पोच्या मागून जप्ती थेट खोल्यांत येईल. एकत्र कुटुंबाचं दाखवलं तर कर्ता तुम्हीच, पुन्हा तोच घोर. भागीदारी केली तर एका भागीदाराचं देणं दुसऱ्याच्या दारात जातं. ट्रस्ट केला तर खोल्या राहतील, पण पुढे विकायच्या म्हटलं तर हात बांधलेले. "त्यापेक्षा कंपनी करा. घर आणि मागच्या खोल्या, सगळं कंपनीच्या नावावर. कंपनी म्हणजे कायद्याने जन्माला घातलेला एक वेगळा माणूसच समजा. त्याचं देणं त्याचं, तुमचं देणं तुमचं. टेम्पोने काही झालं तरी त्याच्या घराला कुणी हात लावू शकत नाही. पण हे आत्ता करायचं, अंगावर काही यायच्या आधी. नंतर केलं तर कोर्ट त्याला लबाडी म्हणतं."

आई कोपऱ्यातल्या बाकावर होती. तिने विचारलं, "त्यो माणूस दिसत न्हाई?"

"नाही, मावशी."

"खात-पीत न्हाई. मरत न्हाई. पर घर त्याच्या नावावर."

"अगदी बरोबर."

"मंग तशी एक हायच की आमच्यात," आई म्हणाली. वकीलसाहेब हसले. आम्ही कुणी हसलो नाही. कंपनीला नाव काय द्यायचं हा प्रश्न तिथेच मिटला. नवं काही आलं की ते आधी तिचं. भागीरथी निवास प्रायव्हेट लिमिटेड.

आज माझ्या स्वतःच्या भाड्याच्या जागा तीन वेगवेगळ्या नावांखाली आहेत, त्यातली एक एलएलपी, म्हणजे मर्यादित देण्याची भागीदारी. माझा सीए मला सांगतो, ताई, नाव काहीही द्या, फरक पडत नाही. मी मान हलवते. पण नाव मी नेहमी आकड्यांचं नाहीतर झाडाचं देते. माणसाचं देत नाही.

सरकारकडून नाव मंजूर होऊन यायला काही आठवडे जायचे होते. त्या आठवड्यांत खोल्यांमध्ये काहीतरी सुरू झालं. मी भाड्याला गेले तर पाच नंबरचा ड्रायव्हर म्हणाला, "मालकीणबाई येऊन गेल्या दुपारी. मोरी बघितली, खिडकी बघितली." मी म्हटलं, आई येऊन गेली असेल. "न्हाई हो, तुमच्या आईला मी वळखत न्हाई का? डोक्यावरनं पदर हुता, तोंड दिसलं न्हाई. बोलणं तिकडचं, बीड-जामखेडचं." सुमनने जास्त सांगितलं. ती हार ओवत बसली होती, दारात सावली पडली, आणि बाई म्हणाली, "खोली मपली हाय. नीट ऱ्हा." सुमनने बस म्हटलं तर बसली नाही. "डाव्या हाताला करंगळी न्हाई गं तिला," सुमन म्हणाली, "दाराची चौकट धरून उभी हुती, मी चार बोटं मोजली." मी म्हणाले, फुलं मोजता मोजता तुझे डोळे गेलेत. पण माझ्या पायात तेव्हा चपला होत्या आणि तरी फरशी गार लागली, हे आठवतं.

आमच्याकडे 'माझं'ला 'मपलं' कुणी म्हणत नसे. आण्णांची ती बोली कधीच सुटली होती. हंगामात त्यांचे भाऊबंद तोडीला आले की तेवढा तो शब्द कानावर पडे.

मी तीन दिवस दुपारी दोनला मोटरच्या खोलीत लपून बसले. तिसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. मला आधी हायसं वाटलं. मग दिसलं की ती चालतेय पण टाक वाजत नाहीये. तिने तो मुठीत धरला होता, उजव्या. डोक्यावरून पदर, आणि डावा हात बाजूला सोडलेला, त्याची करंगळी तळहातात दुमडलेली, इतकी घट्ट की खरंच चारच बोटं वाटावीत. ती आई चालते तशी चालत नव्हती. आई भरभर, पुढे झुकून चालते. ही सावकाश, पाय उचलून टाकत होती, चिखलातून किंवा ऊस तोडलेल्या रानातून चालावं तशी. एकेका दाराशी थांबत ती रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मी घरात शिरले तेव्हा ती चुलीपाशी बसून आदल्या दिवशीचे उरलेले शेंगोळे खात होती, गार, पातेल्यातूनच. पदर नाकाला नव्हता.

कुणी दुसरी मुलगी असती तर तिने अंगारा आणला असता. मी मात्र विचार केला की आईला शेवटी अक्कल आली. इतकी वर्षं जी बाई गळ्यात ओझं म्हणून वागवली, तिचा ती आता उपयोग करतेय. भाडेकरूंना धाक बसतोय. आणि मग मला तो डाव सुचला. कारण आता कागदावर खरा प्रश्न आला होता, शेअर कुणाच्या नावावर. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, आण्णांच्या नावावर जितकं कमी तितकं बरं, कारण त्यांचं देणं आलं तर त्यांचे शेअरही धरले जातील. म्हणजे बहुतेक सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जाणार होतं. मी आण्णांना म्हटलं, अर्धं दादाला, अर्धं मला. आण्णा म्हणाले, "तू उद्या लग्न करून जाशील. तुज्या सासरच्यांना खोल्या द्यायला केल्या का?" मी भांडले. ताट भिरकावलं. आठ खोल्यांतला प्रत्येक पैसा मी उभं राहून वसूल केलाय, आईने विटा वाहिल्यात, तुम्ही गेल्यावर तिला कोण विचारणार, असं सगळं बोलले. आण्णा हलले नाहीत. जिवंत माणसांचं त्या घरात चालत नव्हतं. पण थोरलीच्या ताटापुढे आण्णांची मान खाली जायची, ते मी लहानपणापासून बघत होते.

आई अंगणात बाजरी पाखडत होती. मी तिच्यापुढे बसले. "आई, वकिलाकडे तू खोल्यांत बोलतीस तशी बोल."

तिचं सूप थांबलं. "कशी?"

"मला माहितीये. मी बघितलंय. तिच्या नावाची कंपनी आहे, तिला विचारायला नको? तू म्हण, अर्धा हिस्सा नंदाचा. आण्णा नाही म्हणणार नाहीत."

तिने सूप खाली ठेवलं. "तिला कशाला मधी घेतीस? त्या बाईशी सौदा करू नगं."

"तुझ्यासाठीच करतेय."

"मला बोलता येत न्हाई तिच्यासारखं," आई म्हणाली. मी हसले. मग ती हळूच म्हणाली, "ती बोलली तर बोलंल," आणि परत सूप हलायला लागलं. मी ते होकार म्हणून घेतलं. सौद्यात समोरचा गप्प झाला की झालं असं समजायची सवय मला तेव्हापासून होती, आणि त्यात मी एकदाच फसले.

सह्यांच्या दिवशी वकीलसाहेबांच्या जिन्यात आई मधल्या पायरीवर थांबली. मी खालून म्हटलं, चल. ती वर चढली तेव्हा पाय उचलून टाकत चढली. मी मनात म्हटलं, छान. आत पंखा फिरत होता, टेबलावर फॉर्म पसरलेला होता. वकीलसाहेबांनी विचारलं, "मग शेअरचं काय ठरलं?" आण्णांनी तोंड उघडलं आणि बाकावरून आवाज आला.

"मपल्या नावाची हाय न्हवं ही कंपनी?"

आवाज आईचाच होता, फक्त तो खूप लांबून, रानातून हाक मारल्यासारखा होता. आण्णांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. आईचा डावा हात गुडघ्यावर होता. चार बोटं. आण्णा त्या हाताकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही.

"मंग समदं मपल्या म्हाद्याचं," ती म्हणाली. दादाला म्हाद्या म्हणणारं जगात कुणी नव्हतं. घरी तो महादेव, मला दादा. तो दचकून उभा राहिला. मी आईला कोपराने ढोसलं, पुढचं बोल म्हणून. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने धक्का लागला म्हणून बघावं, तसं.

"ह्या पोरीला काय बी न्हाई. ही मपली न्हाई."

"आई," मी म्हटलं. तिचा दंड धरला. दंड गार होता आणि ती माझ्या हाताकडे बघत होती, हा कुणाचा म्हणून.

"लिहा, वकीलसाहेब," आण्णा म्हणाले.

दादा म्हणाला, "आण्णा, असं कसं? नंदाला अर्धं द्या. सगळं तीच बघती."

"लिहा म्हणलं ना."

वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले की कायद्याला दोन माणसं लागतात, तेव्हा निदान एक शेअर दुसऱ्या कुणाच्या नावावर ठेवावा लागेल. तो एक आण्णांच्या नावावर ठेवला, बाकी सगळे दादाच्या. मी तेव्हा ओरडले की नाही ते मला आठवत नाही. दादा सांगतो, मी टेबलावरचा पेपरवेट खिडकीतून फेकला होता.

परत येताना टेम्पोत आण्णा, आई आणि मी पुढे होतो, दादा मागे रिकाम्या क्रेटांत. निम्म्या रस्त्यात आईचा टाक वाजायला लागला. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "का वो, वकील भेटला न्हाई का? लगीच माघारी निघालो?" आण्णांनी गिअर बदलला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर ते हात धुवायला नळावर गेले, मी त्यांच्या मागे गेले, भांडायलाच. त्यांनी नळ तसाच वाहता ठेवला आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "करंगळीचं तुज्या आईला कुणी सांगितलं?"

"कसलं करंगळीचं?"

"फडात कोयता बसला तिच्या बोटावर. करंगळी तुटली. ती जखम चिघळली, त्याच तापात गेली ती. लोकांना ताप सांगितला. म्या आजवर कुणाला बोललो न्हाई." मग जी बोली ते विसरून गेले होते तिच्यात म्हणाले, "कोयता मपला हुता."

माझा सगळा राग तिथे त्या नळाखाली ओला होऊन पडला. पुढे तो वाळला, आणि आजही आहे, पण त्या दिवशी मला आण्णांशी भांडता आलं नाही.

कंपनीने तिचं काम चोख केलं, हे मला मान्य करावं लागेल. काही वर्षांनी आण्णांच्या टेम्पोने खरंच एकाला उडवलं. दावा झाला, टेम्पो गेला, आण्णांच्या नावाचं जे काही होतं ते गेलं. खोल्यांच्या दारापर्यंत कुणी येऊ शकलं नाही. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे बाहेरचं कुणीही आत शिरू शकलं नाही, आणि मीही बाहेरचीच होते. मी घर सोडलं, नगरला एका माणसाकडून एक गाळा भाड्याने घेतला, तो दोघांना पोटभाड्याने दिला, आणि तिथून उभी राहिले. आण्णा गेल्यावर दादाने दोनदा अर्धे शेअर माझ्या नावावर करायचे कागद आणले. दोन्ही वेळा मी पेन उघडलं आणि बंद केलं. दादाला वाटतं मी रुसलेय. मी त्याला सांगत नाही की सहीच्या जागेवर पेन टेकलं की माझी डावी करंगळी दुखायला लागते.

आई अजून तिथेच राहते, घराच्या मागच्या खोलीत. आता ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत आहे. खोल्यांची वीजबिलं, घरपट्टी, सगळं भागीरथी या नावाने येतं आणि पोस्टमन ते तिच्याच हातात देतो. गेल्या दिवाळीत मी गेले होते. दुपारची वेळ होती, दादा बाजारात गेला होता, आम्ही दोघीच होतो. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. मोठ्याने विचारावं लागलं, कारण तिला ऐकू येत नाही.

"वकिलाकडं बोललीस ती तू होतीस का?"

तिने डोळे मिटले. वाटलं, ऐकलं नसेल. मग म्हणाली, "मी असते तर तुजं बगितलं असतं, नंदे. जी हुती तिनं तिच्या लेकराचं बगितलं."

"मग ती गेली कुठं?"

आईने माझ्याकडे बघितलं, भोळ्या माणसाकडे बघावं तसं.

"जाईल कशाला? घर तिच्या नावावर हाय."